चार शून्यं

पडद्यावरच्या फोटोत वाय खाली वाढत जातो.
शिखर म्हणजे शून्य, दरी म्हणजे मोठा आकडा.
वडिलांना हे सांगितलं, तर म्हणाले,
"मग तुझ्या डोंगरावर पाणी वर चढत असेल, बेगिमाय."

नारीनमध्ये डिसेंबरात वीज दुपारी जाते, अंधारल्यावर येते.
म्हणून आम्ही रात्री बसतो:
मी, शेगडीजवळ लॅपटॉप, आणि माझे वडील एसेनकान,
ज्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत.

चार कॅमेरे, अठरा हजार फोटो.
बहुतेक वाऱ्याचेच. हललेलं गवत,
एक मेंढी, मेंढीचं नाक, पुन्हा गवत.
हिमबिबट्या दिसला की मी माउस दाबून धरते,
खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ओढते,
हिरवी चौकट उमटते. एंटर.
एक्स, वाय, रुंदी, उंची.
चार आकडे फाइलीत जाऊन बसतात
आणि उरलेला डोंगर आम्ही टाकून देतो.

सुरुवातीला मी खालून वर ओढायची.
रुंदी ऋण यायची, बिबट्या रिकामा.
मग दोन ओळी वाढवल्या:
लहान ते आधी, मोठं ते नंतर.

वडील चौकटीत बघतच नाहीत.
त्यांचं बोट कायम बाहेर टेकतं, काचेवर तेलकट ठसा सोडून.
"हा दगड ओला आहे. ती इथे मुतून गेली."
"सावली बघ. ही दुपार नाही, सकाळ. तुझं घड्याळ चुकलंय."
(चुकलंच होतं. सहा तासांनी.)
एकदा म्हणाले, तू जनावरापासून सुरू करतेस.
मग कुठून करायचं?
"वाऱ्यापासून," आणि नासवायची चिमूट ओठाखाली सरकवली.

त्यांनी किती मारले, मी विचारलेलं नाही.
बिश्केकच्या कॉलेजची माझी पहिली फी
एका कातड्यातून आली,
हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

काल तिसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं.
बावीसशे सतरा: एक गुडघा.
बावीसशे अठरा: पाठमोरा माणूस, वाकलेला.
बावीसशे एकोणीस: हात कोपरापर्यंत दगडांच्या फटीत,
शेजारी बर्फावर सापळ्याची साखळी,
आणि पांढऱ्या टोपीची कड, काळ्या दोऱ्यानं शिवलेली,
कारण त्या दिवशी माझ्याकडचा पांढरा संपला होता.
बावीसशे वीस: गवत. दुसरा दिवस.

लावत होता की काढत होता,
ते फोटोत नाही.
कॅमेरा एका दमात तीनच फोटो घेतो
आणि मग मिनिटभर झोपतो.

हातानं सवयीनं चौकट ओढली.
पाठ, टोपी, साखळी, सगळं आत मावलं.
शेजारी वडील चहात पाव बुडवत होते.
तो तसाच बुडालेला राहिला,
मऊ होऊन कपात गळून पडला.
त्यांनी बोट टेकवलं नाही.

एंटर दाबलं की ठेवायचं.
सी दाबलं की सोडायचं.
प्रोग्राम माझाच आहे,
तिसरं बटण मी ठेवलं नव्हतं.

"जुना होता," ते म्हणाले. "गंजलेला."
आणि लाकडं आणायला उठले,
शेगडीशेजारी ढीग पडलेला असताना.

मी सी दाबलं.
सोडलेल्या चौकटीला प्रोग्राम शून्यं देतो.
एक्स शून्य, वाय शून्य, रुंदी शून्य, उंची शून्य,
म्हणजे शिखराच्याही वर, डाव्या कोपऱ्यात,
कुणीतरी आहे ज्याला जागा लागत नाही.
ओळ मात्र यादीत राहते.
वाचणाऱ्याला वाटेल, गवत.

बाहेरून लाकूड फोडल्याचा आवाज आला नाही.
लोखंडावर लोखंड पडल्याचा आला, एकदाच.
मग बराच वेळ काही नाही.
मी बावीसशे एकवीस उघडला.